पावसात सडलेला खड्डा आणि दसऱ्यानंतरचा मळा

फोंडा तालुक्यातल्या एका गृहस्थांनी विचारले आहे: शेजाऱ्यांकडून तीनशे चौरस मीटर जागा भाजीसाठी घेतली. मे महिन्यात खत करायला चार फूट खोल खड्डा खणला. पावसाळाभर त्यात घरचा ओला कचरा, उपटलेले गवत आणि चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांचे, सगळे सामान टाकले. आता वरचे झाकण काढले तर कुजक्या अंड्यांसारखी घाण येते आणि वरच्या थरात अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. त्यात भर म्हणजे वांग्याची सात-आठ झाडे दोन दिवसांत हिरवीगार असतानाच माना टाकून मेली. हे खत दिवाळीपर्यंत वाफ्यांत घालावे, की सगळे जाळून टाकावे?

जाळू नका. आणि आहे तसे वाफ्यांतही घालू नका. तुमचा खड्डा सुधारण्यासारखा आहे, पण त्याला दोन-अडीच महिने लागतील. दिवाळीच्या वाफ्यांची सोय वेगळी करू या.

मी डिचोली तालुक्यात चोवीस वर्षे भाजीचा मळा करते. पहिली चार-पाच वर्षे मीही खड्डाच करत होते, कारण वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात खड्डा किंवा टाके होते. त्या पद्धती कुठे तयार झाल्या हे पाहिले की आपले कुठे चुकते ते कळते. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात कंपोस्टची पद्धत बसवली ती इंदूरला, आणि तिथे वर्षाला जेमतेम हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. नाडेप टाके, म्हणजे विटांचे हवेशीर कंपोस्ट टाके, काढणारे नारायण देवताओ पांढरीपांडे विदर्भातल्या पुसदचे. दोन्ही पद्धती उत्तम आहेत, पण त्या अशा मुलखातल्या, जिथे ओल टिकवणे हा मुख्य प्रश्न असतो. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. जून महिन्यात खड्डा म्हणजे विहीरच. पाणी भरले की हवा संपते, हवेवर जगणारे जिवाणू मरतात आणि बिनहवेचे जिवाणू गंधकाचा तो घाण वायू सोडत बसतात. पोटॅश, नत्र जे काही विरघळते ते पाण्याबरोबर खाली जाते. म्हणून आमच्याकडे पावसात ढीग जमिनीवर, उंचवट्यावर आणि झापांच्या (माडाच्या विणलेल्या पानांच्या) छपराखाली. खड्डा करायचाच तर तो ऑक्टोबर ते मे.

दुसरी गोष्ट अजून महत्त्वाची, आणि ती मला कोणी सांगितली नव्हती. थंड देशांतली माणसे लिहितात की शरदात पाने गळतात, ती गोळा करा, तेच तुमचे सुके. आपल्याकडे शरदात पाने गळत नाहीत. दसऱ्याला सगळीकडे हिरवेच हिरवे असते: गवत, रानमोडी, वेलींचे जाळे. काजू, फणस, सागाची पाने पडतात ती जानेवारी ते मार्च. म्हणजे ज्या महिन्यांत आपल्याकडे ओला कचरा भरपूर, त्या महिन्यांत सुके नसते, आणि शिगम्याच्या (होळीच्या) दिवसांत सुके अंगणभर असते तेव्हा लोक ते काडी लावून जाळतात. तुमच्या खड्ड्यात नेमके हेच झाले आहे. ओल्या कचऱ्यात नत्र खूप, सुक्या कचऱ्यात कर्ब खूप. कुजणे नीट चालायला एका भाग नत्रामागे पंचवीस-तीस भाग कर्ब लागतो. तुम्ही नुसते नत्र आणि पाणी भरलेत.

आता सुके कुठून आणायचे? या दिवसांत गोव्यात एकच सुके सहज मिळते आणि ते म्हणजे सरदी, म्हणजे पावसाळी, भाताचा पेंढा. कापणी यंत्राने झालेली असेल तर पेंढा शेतातच पसरलेला असतो आणि शेतकऱ्याला तो उचललेला हवाच असतो. विचारून चार-पाच भारे आणा. सोबत सुताराकडचा बिनपॉलिशच्या लाकडाचा भुसा आणि छपाईचा चकचकीत थर नसलेला पुठ्ठा फाडून चालेल. नारळाच्या सोडणांचा भुगा म्हणजे काथ्याचा कोंडा अनेक जण सुचवतात, पण जपून. तो पाणी छान धरतो, पण कुजायला फार वेळ घेतो. एका वर्षी मी ढिगात निम्मा तोच घातला, तीन महिन्यांनी काळा दिसतो म्हणून वाफ्यांत घातला, आणि मुळ्याची पाने पिवळी पडली. कुजायचे राहिलेले काम त्याने वाफ्यातल्या नत्रावर चालवले. ढिगाच्या एक दशांशपेक्षा जास्त तो घालत नाही आता.

खड्डा उपसायचा दिवस कोरडा निवडा आणि सकाळी लवकर सुरू करा. पायात गमबूट, हातात मोजे, आणि पहिली अर्धी फूट तरी लांब दांड्याच्या काट्याने. कुजत्या ढिगाच्या उबेत धामणी अंडी घालतात, त्या निरुपद्रवी, पण उंदरांमागे घोणसही येते. उंदरांच्या मुतामुळे पावसाळी ओल्या कचऱ्यातून लेप्टोस्पायरोसिसचीही भीती असते, पायाला चीर असेल तर ते काम दुसऱ्यावर सोपवा.

उपसताना तीन थर दिसतील. वरचा अर्धवट, मधला चिकट आणि घाणेरडा, आणि कडेने कुठे कुठे काळी, भुसभुशीत, मातीच्या वासाची माती. ती काळी माती वेगळी काढा, चाळा, ती दोन आठवड्यांत वापरता येईल. तळाचा काळा चिखल म्हणजे ती माती नव्हे, तो दुर्गंधीचाच असतो. बाकीचे सगळे जमिनीवर पसरून सावलीत अर्धा दिवस वारे लागू द्या. दिवसभर उन्हात टाकू नका, वाळले की नत्र अमोनिया होऊन उडून जातो.

मग नवा ढीग. जागा अशी की पाणी वाहून जाईल. तळाला माडाच्या चुडतांचे जाड देठ किंवा शेवग्याच्या फांद्या आडव्या-उभ्या, म्हणजे खालून हवा येते. त्यावर वीतभर पेंढा, त्यावर चार बोटे खड्ड्यातला माल, त्यावर शेणाचे पातळ पाणी शिंपडायचे, मग पुन्हा पेंढा. कुठले पाकीटबंद कल्चर विकत घेऊ नका. ताज्या शेणाच्या एका बादलीत आणि त्या चाळलेल्या काळ्या मातीच्या दोन ओंजळीत लागतात तेवढे जिवाणू आहेत. ढीग लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून किमान एक मीटर. त्याहून लहान ढीग तापत नाही. दोन मीटरपेक्षा उंच केलात तर मधले दबते आणि पुन्हा तेच बिनहवेचे रडगाणे. मूठभर माल घट्ट पिळलात तर बोटांमधून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पेंढा कमी पडला, काहीच आले नाही तर पाणी.

तीन-चार दिवसांनी लोखंडी सळी मधोमध खुपसा, दहा मिनिटांनी बाहेर काढून हात लावून पाहा. धरवत नसेल इतकी गरम लागली तर काम सुरू आहे. ढिगाच्या पोटात पंचावन्न ते पासष्ट अंश तापमान येते. त्यात तणाचे बी आणि बहुतेक रोगजंतू मरतात, पण फक्त पोटात. कडेचा फूटभर भाग गार राहतो, म्हणून आठ दिवसांनी कडेचे आत आणि आतले बाहेर करून पालटायचे, मग दर दहा-पंधरा दिवसांनी. ऑक्टोबरच्या उकाड्यात आमचा ढीग साधारण सत्तर ते ऐंशी दिवसांत तयार होतो. तुमचाही नाताळ-नववर्षाच्या सुमारास वांगी-मिरचीला खताचा दुसरा हात द्यायला मिळेल.

नाकाचा उपयोग करा. कुजक्या अंड्याचा वास आला तर हवा कमी आणि पाणी जास्त. डोळे झोंबणारा वास आला तर नत्र जास्त, पेंढा वाढवा. मातीचा वास म्हणजे चांगले चालले आहे. मासळीची खवले, डोकी, काटे टाकू का, असे आपल्या गोव्यात सगळेच विचारतात. जरूर टाका, त्यात स्फुरद भरपूर. पण ढिगाच्या मधोमध, निदान फूटभर खोल, वर पेंढा आणि माती. नाहीतर रात्री कुत्रे आणि मुंगूस सगळा ढीग उचकटतात. खारवलेल्या मासळीचे पाणी मात्र टाकू नका.

आता त्या पांढऱ्या अळ्या. याबद्दल मी थोडे सविस्तर लिहिते, कारण गोव्यात याचा संबंध तुमच्या वाफ्यांशी कमी आणि शेजारच्या माडांशी जास्त आहे. अंगठ्याएवढी जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, डोके तपकिरी, हातावर ठेवली तर आडवीच पडून राहते, अशी अळी असेल तर ती बहुधा गेंड्या भुंग्याची. हा भुंगा माडाच्या न उघडलेल्या सुईत शिरून पोखरतो, मग पान उघडले की पंख्यासारखे कात्रीने कापल्यागत दिसते. लहान माडाचा कोंब गेला तर माड जातो. त्याची मादी अंडी घालते ती शेणखताच्या, कंपोस्टच्या ढिगात आणि कुजलेल्या माडाच्या खोडात. अळी तिथे तीन ते सहा महिने वाढते. म्हणजे पावसाच्या सुरुवातीला घातलेली अंडी आज तुमच्या खड्ड्यात मोठ्या अळ्या झाल्या आहेत, आणि खड्डा तसाच ठेवलात तर पुढच्या काही महिन्यांत भुंगे होऊन शेजारच्या भाटात (माडांच्या बागेत) जातील. उपसताना वेचून काढा आणि कोंबड्यांना घाला, त्या तुटून पडतात. नंतर ढीग दहा-पंधरा दिवसांनी पालटत राहिलात तर तो तापतो आणि वाढायला अळीला सलग निवांत जागाच मिळत नाही. मेटारायझियम नावाची बुरशी कृषी केंद्रांत मिळते, ती ढिगात मिसळली की या अळ्यांना रोग होतो. आम्ही दर दिवाळीला ती घालतो. जवळ कुळागर (माड-सुपारीची बाग) असेल तर हे काम टाळू नका. करड्या-तपकिरी, चपट्या, सळसळणाऱ्या लहान अळ्या दिसल्या तर त्या काळ्या सैनिक माशीच्या, त्यांना राहू द्या, त्या कचरा भराभर खातात.

वांग्यांचे प्रकरण मात्र मला जास्त गंभीर वाटते. हिरवे झाड, पान पिवळे न पडता, दोन दिवसांत मान टाकते, हे आपल्या आम्ल जमिनीत बहुतेक वेळा जिवाणूजन्य मर असते. तपासायला मेलेल्या झाडाचे बुंध्याजवळचे दोन-तीन इंच खोड धारदार सुरीने कापा आणि स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात वरच्या बाजूने धरून टांगा. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरले तर मर नक्की. ती झाडे ढिगात घालू नका, खड्ड्यात फेकली असतील तर शोधून काढा. एका वर्षी कामाच्या घाईत मी अशी पंधरा-वीस झाडे ढिगात टाकली, ढीगही नीट तापला नव्हता. पुढच्या वर्षी ते खत पडलेल्या दोन वाफ्यांत साठ झाडे लावली आणि फळ धरायच्या आधीच चाळीस गेली. वरवर शहाणी दिसणारी काटकसर होती ती. आता अशी झाडे मुळांसकट, मातीच्या गोळ्यासकट काढून मळ्याबाहेर वाळवते आणि जाळते. वर म्हटले होते ना जाळू नका, तर जाळायचे ते एवढेच.

त्या वाफ्यात पुढची तीन वर्षे वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा नको, आणि आलेही नको, कारण मर आल्यालाही लागते. तिथे अळसांदे (चवळी), वाल, मका, दोडकी, भेंडी लावा. पावसात त्या तुकड्यात भात लावता आले तर फारच चांगले, पाणी तुंबलेल्या भातशेतीत हा जिवाणू बराच कमी होतो. मर झालेल्या वाफ्याचे पाणी दुसऱ्या वाफ्यात जाऊ देऊ नका, आणि तिथली कुदळ धुतल्याशिवाय पलीकडे नेऊ नका. आगशी गावची मोठी वांगी सगळ्यांनाच हवी असतात. ती लावायची तर स्वच्छ, उंच वाफ्यात. किंवा मरीला दाद न देणाऱ्या जाती घ्या, केरळ कृषी विद्यापीठाची हरिता आणि बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का निधी, अर्का केशव या तशा आहेत.

मर एवढी फोफावते त्यामागे जमिनीची आंबट प्रकृतीही आहे. आपली जांभ्याची माती तशी आम्लधर्मीच, आणि पावसाने चुना धुऊन नेला की ती अजून आंबट होते. त्यात लोह आणि ॲल्युमिनियम इतके की घातलेले स्फुरद ते धरून बसतात, पिकाला मिळत नाही. म्हणून खत घालायच्या आधी माती तपासा. वाफ्यांतल्या आठ-दहा ठिकाणांहून सहा इंच खोलीपर्यंतची माती घ्या, एकत्र करा, सावलीत वाळवा, अर्धा किलो पिशवीत भरा आणि विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करा. चुना टाकल्यानंतर नमुना घेतलात तर निकाल फसवा येतो. सामू (पीएच) साडेपाचच्या खाली आला तर दर चौरस मीटरला शंभर ग्रॅमच्या आसपास डोलोमाइट किंवा शेतीचा चुना, वर हलके चाळवून ओल द्या आणि दोन-तीन आठवडे थांबा. शिंपल्यांचा जुना चुना तीव्र असतो, तो निम्माच. चुना आणि ताजे शेणखत एकाच दिवशी मिसळायचे नाही, नत्र हवेत जातो. चुलीची राख याच कारणाने ढिगात थोडीच, वाफ्यात चालते.

दिवाळीच्या वाफ्यांची सोय अशी. चाळलेली काळी माती जेवढी निघेल ती फक्त तांबडी भाजी (लाल माठ) आणि मुळा यांच्या वाफ्यांना आणि रोपांच्या गादीला. बाकीसाठी जुने, चांगले कुजलेले शेणखत गावातच विकत घ्या, दर चौरस मीटरला दोन ते अडीच किलो पुरते. ओले, ताजे शेण मात्र नको. पाऊस थांबल्यावर आपल्या जमिनीत वाळवी जागी होते आणि अर्धवट कुजलेल्या शेणाकडे ती धावते. खत कुजले का ते पाहायला एका करवंटीत ते भरा, तांबड्या भाजीचे चिमूटभर बी टाका, ओल ठेवा. चार-पाच दिवसांत बी नीट उगवून पाने हिरवी-तांबडी राहिली तर खत वापरा. उगवून पिवळे पडले किंवा कुजले तर अजून थांबा. अर्धे कुजलेले जे काही उरेल ते केळीच्या बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर चर खणून पुरा, केळ ते आनंदाने खाते.

वाफ्यांची डागडुजी फार नाही. पावसासाठी उंच केलेले वाफे लगेच सपाट करू नका, ऑक्टोबरअखेरीसही एखादी झोडपणारी सर येते. कडेच्या चरांतला गाळ उपसून वाफ्यावरच टाका, तो पावसाने पळवलेला तुमचाच मालमसाला आहे. गवत, रानमोडी फुलायच्या आत कापा. रानमोडी नोव्हेंबरपासून फुलू लागते, त्याआधीचा तिचा पाला ढिगाला फार चांगला. लव्हाळ्याच्या गाठी मात्र ढिगात मरत नाहीत, त्या खडकावर पंधरा दिवस उन्हात वाळवा आणि मगच टाका. वाफ्यांत पेरणी झाली की ओळींमध्ये पेंढ्याचे पातळ आच्छादन द्या. जानेवारीपासून विहिरीचे पाणी उतरू लागते तेव्हा त्याची किंमत कळते.



एक काम मात्र आत्ताच ठरवून ठेवा. जागेच्या कोपऱ्यात, शक्यतो झाडाच्या सावलीत, चार बांबू रोवून तारेची जाळी गुंडाळा, दीड मीटर रुंद आणि तेवढेच उंच, वर झापांचे छप्पर. फेब्रुवारीत शेजारी अंगणे झाडून पाला जाळायला घेतील तेव्हा पोती घेऊन जा आणि मागा. आम्ही पंधरा-वीस पोती भरतो. काजू, फणसाची पाने जाड असतात, टाकताना पायाखाली तुडवायची किंवा कोयत्याने दोन घाव. हा साठा मेअखेर छपराखाली कोरडा ठेवा. जूनपासून रोजच्या ओल्या कचऱ्याच्या एका बादलीवर या पाल्याच्या दोन बादल्या पडल्या की ढीग पावसातही वास न करता चालतो.